स्वस्त वस्तरा घ्यावा का? चार महिन्यांचा अनुभव

डिसेंबरच्या शेवटी मानेवरच्या पुळ्यांसाठी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. त्यांनी भिंग लावून मान पाहिली आणि विचारलं, "रेझर किती पात्यांचं वापरता?" मी म्हटलं, पाच. मग त्यांनी समजावून सांगितलं. अशा रेझरमध्ये पुढचं पातं केस पकडून जरा वर ओढतं आणि मागचं पातं तो कापतं. कापलेला केस त्वचेच्या पातळीखाली जाऊन बसतो. केस सरळ असेल तर काही बिघडत नाही, पण वळणदार असेल तर वाढताना तो बाहेर न येता कातडीतच घुसतो आणि तिथे पुळी येते. माझ्या मानेवरचे केस चांगलेच वळणदार आहेत. "एकाच पात्याने दाढी करा, आणि हात फिरवला की अगदी गुळगुळीत लागली पाहिजे हा हट्ट सोडा," असं ते म्हणाले.

एका पात्याचा सोपा मार्ग म्हणजे जुन्या पद्धतीचं सेफ्टी रेझर. तोच घेतला असता तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण वस्तऱ्याने दाढी करायला शिकावं असं मनात बरीच वर्षं होतं. नीट सांभाळलेला एक वस्तरा जन्मभर पुरतो आणि फेकायचं काहीच उरत नाही, हे मला फार आवडायचं. शोधायला बसलो तर नामांकित वस्तरे महाग, आणि त्यांच्याच शेजारी दिसायला तसेच, किमतीने दहाव्या हिश्शाचेही नसलेले वस्तरे. इतक्या फरकाचं कारण काय, ते मला कुठे नीट वाचायला मिळालं नाही. म्हणून स्वतःला आलेला अनुभव क्रमाने लिहितो आहे.

६ जानेवारीला पहिला वस्तरा मागवला. वर्णनात तीन गोष्टी ठळक होत्या: दमास्कस पोलाद (लाटांसारख्या नक्षीचं), हाताने घडवलेला, दाढीसाठी तयार. किमती जागोजागी वेगळ्या असतात, म्हणून पुढचा हिशेब सोपा जावा यासाठी या वस्तऱ्याची किंमत मी 'एक भाग' धरतो.

पार्सल तेरा दिवसांनी, १९ जानेवारीला आलं. हातात छान जड वाटलं. पात्यावर लाटांसारखी नक्षी, लाकडी मूठ, पितळी खिळे. मिटून पाहिला तेव्हा पातं मुठीच्या मधोमध न येता एका बाजूच्या लाकडाला घासत होतं, म्हणजे दर वेळी मिटताना धार लाकडावर घासली जाणार. हे खटकलं, पण मी सोडून दिलं. दुसरी गोष्ट तर दिसूनही मला कळली नाही. टेबलावरच्या दिव्याखाली धार वर करून धरली तर तिच्यावर तीन ठिकाणी केसासारखी बारीक पांढरी रेघ दिसत होती. मला वाटलं, धार चमकते आहे. खरी धार चमकत नाही. ती इतकी बारीक असते की प्रकाश परतायला तिच्यावर जागाच नसते, त्यामुळे दिव्याखाली ती काळी, जवळजवळ नाहीशी दिसते. पांढरी रेघ दिसली तर तिथे धार गोल आहे, बोथट आहे असं समजा. ही तपासणी करायला अर्धं मिनिट लागतं आणि काहीही विकत आणावं लागत नाही. वस्तरा हातात पडला की सगळ्यात आधी हीच करा.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळीनंतर गरम पाण्याने चेहरा भिजवला, ब्रशने दाट फेस केला, आणि कानाजवळ गालावर वस्तरा टेकवला. पहिल्याच ओढीला केस कापले न जाता ओढले गेले. पातं केसांवर अडकत, घसरत खाली आलं. मला वाटलं हात हलका पडतोय, म्हणून जरा दाब दिला. तिथेच चुकलो. वस्तऱ्यावर दाब द्यायचा नसतोच. द्यावासा वाटला की धार नाही असं ओळखावं. दोन बोटांएवढी जागा झाली तेव्हा गाल आगीसारखा जळत होता. वस्तरा उचलताना त्याचं टोकदार नाक कानाच्या पाळीला लागलं आणि रक्त आलं. तुरटी फिरवली, उरलेली दाढी जुन्या रेझरने केली. गालावरची लाली दोन दिवस गेली नाही. वाईट वाटलं, कारण दोष हाताचा की हत्याराचा हेच कळत नव्हतं. नवशिक्याच्या हातात बोथट वस्तरा आला की त्याचं नुकसान होतं ते असं. आपण चुकतोय की वस्तरा चुकतोय हे ठरवायला त्याच्याकडे कुठलंच माप नसतं.

२२ जानेवारीला वस्तू परत करायचा अर्ज भरला. ऑर्डर क्रमांक, कारण, तीन फोटो. कारणांच्या यादीत 'धार नाही' असं काही नव्हतं, म्हणून 'वर्णनाशी जुळत नाही' निवडलं. पुढे तेच कामी आलं. दोन दिवसांनी पोच आली, २९ तारखेला नकार: शरीराला लागलेली धारदार वस्तू स्वच्छतेच्या कारणाने परत घेता येत नाही. नियम म्हणून हे मला पटतं. पण 'दाढीसाठी तयार' हे त्यांचेच शब्द होते. ते दाखवायला पान उघडलं तर वर्णनातून ती ओळ गायब. नशिबाने मागवताना मी त्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये घेऊन ठेवला होता. तो जोडून तीन वेळा लिहिलं, तेव्हा ११ फेब्रुवारीला निम्मे पैसे परत मिळाले. मागवताना वर्णनाचा फोटो घ्या. वस्तरा चेहऱ्याला लावण्याआधी दिव्याखाली तपासा. बोथट निघाला तर कातडीला न लावता तसाच परत करा. एकदा फेस लागला की तुमची बाजू लंगडी पडते.

हे चालू असतानाच, १ फेब्रुवारीला, सुऱ्या-कात्र्यांना धार लावणाऱ्या एका जाणत्या काकांचा पत्ता मिळाला. वस्तऱ्यांवर त्यांचा हात अनेक वर्षांचा. मी वस्तरा त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी धार पाहिलीच नाही. खणातून छोटी कानस काढली आणि पात्याच्या पाठीवर, टोकाशी, एकदा हलकेच ओढली. कानस रुतली आणि खाली बारीक कीस पडला.

"बघा," ते म्हणाले, "कानस खाते आहे. कडक पोलादावर ती काचेवरून जावी तशी घसरते. ह्याला नीट पाणीच दिलेलं नाही." (पाणी देणं म्हणजे पोलाद तापवून, मग एकदम गार करून कडक करणं.)

"पण काका, ही नक्षी?"

"नक्षीनं दाढी होत नाही. पाणी दिलेलं पोलाद हवं. ह्याला मी धार लावीन, पण ती अर्ध्या दाढीपुरती टिकेल. मी ह्याचे पैसे घेणार नाही, आणि तुम्हीही ह्याच्यावर वेळ घालवू नका."

मग त्यांनी खणातून दुसरा वस्तरा काढला. साधा, प्लॅस्टिकच्या मुठीचा, नक्षी नाही, पॉलिश ओबडधोबड. किंमत माझ्या वस्तऱ्याएवढीच. त्याच्यावर कानस ओढली तर नुसता आवाज करून घसरली. "हाही स्वस्तच आहे. पण पोलाद खरं आहे. कारखान्यानं फक्त लोखंडाचा खर्च केला, माणसाच्या हाताचा केला नाही. तो हात तुम्हाला लावावा लागेल."

स्वस्त वस्तऱ्यांत दोन जाती असतात हे मला तिथे कळलं. एकीत पोलादच कच्चं, तिच्यात कितीही कष्ट घाला, वाया. दुसरीत पोलाद ठीक, घडण अर्धवट. बाहेरून सजलेला वस्तरा बहुधा पहिल्या जातीतला आणि गबाळा दिसणारा दुसऱ्या जातीतला, असं काकांचं म्हणणं. माझ्यापुरतं ते तंतोतंत खरं निघालं.

३ फेब्रुवारीला तसा साधा वस्तरा मागवला, आणखी एक भाग खर्च. १४ तारखेला आला. त्याच संध्याकाळी तो घेऊन काकांकडे गेलो आणि त्यांनी व्हर्नियर कॅलिपरने मापं घेतली.

हे जरा सविस्तर सांगतो, कारण वस्तऱ्याची सगळी गोम यात आहे. सुरीला धार लावताना कोन आपण हाताने धरतो. वस्तऱ्याला तसं करायचं नसतं. तो दगडावर अगदी आडवा ठेवायचा, पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी टेकलेल्या. म्हणजे धारेचा कोन किती हे पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी ठरवते. रुंदी इंचाच्या आठव्या भागात सांगतात: पाच अष्टमांश, सहा अष्टमांश अशी. माझा सहा अष्टमांश, म्हणजे १९ मिलिमीटर. पाठ ६.५ मिलिमीटर. यातून कोन निघतो जवळजवळ २० अंश. दाढीच्या वस्तऱ्याला १६ ते १८ अंश चांगले. दोन अंशांत काय मोठंसं, असं मलाही वाटलं होतं. गालावर तो फरक लगेच कळतो. जाड कोनाचं पातं केसात शिरण्याआधी त्याला ढकलतं.

दुसरी अडचण शेपटीजवळ, म्हणजे पात्याच्या मुठीकडच्या बाजूला. तिथे पात्याला मजबुतीसाठी जाड पट्टी सोडलेली असते. ती दगडावर चढते आणि तेवढ्या भागात पातं अधांतरी राहतं. ती पट्टी कमी करायची, पाठ थोडी पातळ करायची आणि मगच धारेकडे वळायचं, असं ठरलं. काकांनी एकच ताकीद दिली: "विजेच्या चाकाला लावू नका. पातळ पोलाद क्षणात तापतं, आणि तापलं की पाणी उतरतं. मग पहिल्या वस्तऱ्यात आणि ह्यात काही फरक उरणार नाही."

म्हणून सगळं हाताने. जाड काचेच्या तुकड्यावर २२० नंबरचा पॉलिश पेपर पाण्याने चिकटवला आणि पाठ घासायला बसलो. चार संध्याकाळी गेल्या. पाठ ५.९ मिलिमीटरवर आली तेव्हा कोन १८ अंशांच्या आत आला होता आणि माझ्या अंगठ्याला फोड. काकांनी शेपटीची पट्टी स्वतः उतरवून दिली आणि पुढची दिशा समजावली. त्याचा मोबदला दीड भाग.

धार लावायच्या दगडांचा खर्च मात्र अंगावर आला. नंबर जितका मोठा, तितका दगड बारीक. १००० नंबरचा एक आणि एका बाजूला ४००० व दुसऱ्या बाजूला ८००० असा जोडदगड, दोन्ही मिळून सहा भाग. वस्तऱ्याच्या सहापट किमतीचे दगड! मी दोन दिवस विचार केला, मग घेतले. दगड नवा असला तरी सपाट असेलच असं नाही. त्याच्यावर पेन्सिलीने चौकटी आखायच्या आणि काचेवरच्या पॉलिश पेपरवर सगळ्या रेघा जाईपर्यंत घासायचा. मधल्या रेघा उरल्या तर दगड मध्ये खोलगट आहे. माझ्या १००० च्या दगडाच्या मधल्या रेघा जायला वीस मिनिटं लागली.

२१ फेब्रुवारीला पहिल्यांदा पातं दगडावर ठेवलं. धारेच्या दोन्ही बाजूंना काळं मार्कर ओढलं. मग धार पुढे ठेवून एक ओढ पलीकडे, पाठीवर पलटवून एक ओढ अलीकडे. पातं दगडाच्या रुंदीपेक्षा लांब असतं, म्हणून ओढताना तिरकं न्यायचं, शेपटीकडून सुरू करून टोकाशी संपवायचं. दहा ओढींनंतर पाहिलं. मधल्या भागातली शाई गेली होती, शेपटीजवळ आणि टोकाशी जशीच्या तशी होती. दगड कुठे लागतोय आणि कुठे नाही हे एवढ्या स्पष्ट सांगणारं दुसरं साधन मला माहीत नाही. तीन संध्याकाळी, मिळून सात तास, मी हेच करत होतो: शाई लावायची, घासायचं, पुसायचं, पाहायचं. तिसऱ्या दिवशी रात्री सगळी शाई एका हलक्या ओढीत गेली. दिव्याखाली धरलं. पांढरी रेघ कुठेच नव्हती. मनगटावरचे केस १००० च्याच धारेने साफ उतरले. त्या क्षणी झालेला आनंद खरा होता, आणि मी तो लपवणार नाही.

४००० आणि ८००० वर मात्र घाई झाली. १ मार्चला दाढी केली. केस कापले गेले, पण खरखरीत. गाल जळला, जानेवारीइतका नाही, तरी जळलाच. भिंगातून धार पाहिली तर करवतीसारखे बारीक खाचे. केस पोलादाला खाचे पाडेल हे मला खरं वाटेना. पण मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी २०२० मध्ये 'सायन्स' नियतकालिकात हेच दाखवलं आहे. केस पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ, तरी तो धारेशी ठरावीक कोनात आला आणि पोलादाची घडण तिथे एकसारखी नसली, की धारेचा कपचा उडतो. पोलाद एकजीव असण्याला महत्त्व का, हे त्यावरून मला कळलं. काकांनी त्यांच्या शब्दांत सांगितलं: "कारखान्यात घासताना धारेचं टोक तापलेलं असतं. ते कच्चं टोक झिजून आतलं चांगलं पोलाद वर येईपर्यंत खाचे पडणार. पुन्हा ४००० वर जा. आणि हात? हाताचं वजनसुद्धा नको. पात्याचं वजन पुरे."

दुसऱ्याच दिवशी, २ मार्चला, दगडानंतर धार साफ करायचा चामड्याचा पट्टा चुकून कापला. पट्ट्यावर वस्तरा फिरवताना पाठ पुढे आणि धार मागे असते. टोकाला पोचल्यावर पातं न उचलता पाठीवर लोळवून पलटवायचं. मी वेगात होतो, पाठ टेकायच्या आधी दिशा बदलली आणि धार चामड्यात शिरली. बोटाएवढा काप. पट्टा स्वस्तातला, एक भागाचा होता, म्हणून जीव फार जळला नाही. पहिला पट्टा स्वस्त घ्या, तो कापला जाण्याची शक्यता मोठी असते. वेग हळूहळू आपोआप येतो. पट्टा ताणून धरा, सैल पडला तर धारेवरून गोल वळतो आणि लावलेली धार गोल करून टाकतो. नंतर घेतलेला जाड पट्टा दोन भागांचा. त्याच्या मागे जाड सुती पट्टी आहे. तिच्यावर वीस-पंचवीस फेऱ्या, मग चामड्यावर पन्नास, हा माझा रोजचा क्रम झाला आहे.

दगडांशी झटताना एक गोष्ट सारखी मनात यायची. किंग कॅम्प जिलेट यांना फेकता येणाऱ्या पात्याच्या रेझरचं पेटंट १९०४ मध्ये मिळालं, आणि पुढच्या काही दशकांत घरोघरचे वस्तरे मागे पडले. वस्तऱ्याने दाढी वाईट होत होती म्हणून नव्हे. हे सगळं, दगड, पट्टा, शाई, भिंग, लोकांना नको झालं होतं म्हणून. स्वस्त वस्तरा घेणारा माणूस नेमकं तेच काम पुन्हा अंगावर घेतो, आणि विकणारा त्याला ते सांगत नाही.

१२ मार्चला ४००० पासून पुन्हा सुरुवात केली. दोन दिवस, मिळून तीन तास. शेवटी डोक्याचा एक धुतलेला केस चिमटीत आडवा धरला आणि धारेवर नुसता टेकवला. तो आवाज न करता तुटून पडला. पात्याच्या संपूर्ण लांबीवर पाच ठिकाणी असं करून पाहिलं. चार ठिकाणी तुटला, टोकाशी नाही. टोकाशी आणखी वीस हलक्या ओढी दिल्या.

१५ मार्च, रविवार. घाई नव्हती. गरम पाण्याने तीन मिनिटं चेहरा भिजवला. भिजलेला केस मऊ पडतो, हे अजिबात टाळू नका. फेस पातळसर, ओलसर ठेवला. तीन बोटं पात्याच्या मानेवर, अंगठा खाली, करंगळी शेपटीवर. डाव्या हाताने कानापाशी कातडी वर ताणली. पातं गालाशी आडवं ठेवून पाठ थोडी उचलली, ३० अंशांच्या आसपास. आणि खाली आणलं. या वेळी ओढ नव्हती. एक बारीक, कोरडा कागद सरकावा तसा आवाज आला, पात्यावर फेस गोळा झाला आणि त्यात काळे ठिपके दिसले. ते ठिपके म्हणजे माझे केस आहेत हे कळायला क्षणभर लागला, कारण कापले गेल्याचं गालाला कळलंच नव्हतं.

त्या दिवशी फक्त दोन्ही गाल केले. उरलेलं सेफ्टी रेझरने. पुढचा आठवडाभर गालच. मग जबड्याची कड, मग ओठावरचा भाग, मग हनुवटी. हनुवटीला तीन आठवडे लागले, कारण तिथे कातडी ताणायला धड पकड मिळत नाही आणि केस सगळ्यांत राठ. मान सगळ्यांत शेवटी. मानेवर केस कुठल्या दिशेने वाढतात हे आधी दोन दिवसांची दाढी राखून बोटांनी चाचपून पाहिलं. उजवीकडे खाली वाढतात, डावीकडे चक्क आडवे. केसांच्या कलानेच वस्तरा न्यायचा, उलट नाही. पातं कधीही धारेच्या रेषेत सरकवायचं नाही, कापतं ते तिथेच. एवढं पाळलं तर या दोन महिन्यांत चार-पाच बारीक ओरखड्यांपलीकडे काही झालं नाही. कुणाला रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील किंवा हात थरथरत असेल, तर मात्र त्यांनी या वाटेला जाऊ नये.

एप्रिलच्या १० तारखेला काकांकडून एक जुना वस्तरा विकत घेतला. पाच अष्टमांश, शेपटीवर सोलिंगेन हे नाव, धार त्यांनी लावलेली. किंमत पाच भाग. जर्मनीतल्या या गावाचं नाव १९३८ पासून तिथल्या कायद्याने राखलेलं आहे, त्या भागात न बनलेल्या पात्यावर ते घालता येत नाही. घरी नेऊन ७० टक्के आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसला, पट्ट्यावर फिरवला आणि दाढी केली. दोन्ही बाजूंनी पात्याचं पोट इतकं पोकळ घासलेलं की नखाने हलकेच टिचकी मारली तर खणखणतं. केस कापताना तो आवाज पात्यातून बोटांपर्यंत येतो, हनुवटीवरचा राठ केस आणि गालावरचा मऊ केस यांचा आवाजही वेगळा. माझा स्वस्त वस्तरा जाड पोटाचा, म्हणून तो मुका. दाढी दोघांनीही होते. पण जुन्या वस्तऱ्याने मला पहिल्याच दिवशी जे शिकवलं ते स्वस्त वस्तऱ्यासोबत दोन महिन्यांत मी अंदाजाने शोधत होतो: धार कशी लागायला हवी, आवाज कसा यायला हवा, किती हलका हात पुरतो.

हिशेब असा. दोन वस्तरे दोन भाग, त्यातला अर्धा परत. पट्टे तीन. दगड सहा. काकांचा मोबदला दीड. कानस, भिंग, पॉलिश पेपर, मार्कर, तेल मिळून एक. म्हणजे तेरा भाग, आणि वीसेक तास दगडासमोर. काकांकडचा धार लावलेला जुना वस्तरा आणि पट्टे मिळून आठ भागांत झालं असतं, दाढी पहिल्याच आठवड्यात जमली असती, आणि वर्ष-सहा महिन्यांनी पट्ट्याने धार परतेनाशी झाली की काकांकडे जाता आलं असतं.

म्हणून मला कुणी विचारलं, तर मी आधी उलट विचारतो: तुम्हाला दाढी शिकायची आहे की धार लावायला शिकायचं आहे? दाढी शिकायची असेल तर स्वस्त नवा वस्तरा घेऊ नका. धार लावून देणाऱ्या माणसाकडून जुना घ्या, आणि नेमकी शेवटची धार कुणी, कशावर लावली ते विचारा. उत्तर मिळालं नाही तर तिथून घेऊ नका. धार लावायला शिकायचं असेल, आणि त्यात रस असेल, तर साधा, नक्षी नसलेला, पाणी दिलेल्या कार्बन पोलादाचा स्वस्त वस्तरा फार चांगला गुरू आहे. चुकलो तर बिघडणार काय, एक भाग. एवढ्या निर्धास्तपणे मी सोलिंगेनचा वस्तरा १००० च्या दगडावर कधीच टेकवला नसता. आणि फक्त पुळ्याच घालवायच्या असतील तर सेफ्टी रेझर पुरे. मार्चमध्ये अर्धा चेहरा मी त्यानेच करत होतो आणि मानेवरच्या पुळ्या तेव्हाच बसायला लागल्या होत्या.

बदलत्या पात्याचा वस्तराही मिळतो, ज्यात सेफ्टी रेझरचं अर्धं पातं बसवतात. दगड-पट्टा काही नको. मी तो आठवडाभर वापरला. पातं फार हलकं आणि फार तीक्ष्ण, कोन जरा चुकला की लगेच कापतं. सुरुवातीला तो हातात घेऊ नये असं माझं मत झालं.

सांभाळण्याबद्दल एवढंच. कार्बन पोलाद एका रात्रीत गंजतं. दाढी झाली की पातं पुसायचं, मुठीच्या आत पाणी शिरलं असेल तर तेही टिपायचं, अर्धा तास उघडं ठेवायचं, रोज वापरणार नसाल तर तेलाचा हात. ओल्या न्हाणीघरात ठेवू नका. मुलांच्या हाताला लागणार नाही अशी जागा हवी, ती आधी ठरवा आणि मगच वस्तरा मागवा. प्रवासात विमानाच्या केबिनमध्ये तो चालत नाही, सामानात टाकावा लागतो.

मे महिन्यात काकांकडे पुन्हा गेलो होतो, स्वस्त वस्तरा दाखवायला. त्यांनी आधी पाठ पाहिली. घासून घासून तिच्यावर दोन्ही बाजूंना दीड मिलिमीटरची चकचकीत पट्टी आली आहे, टोकाकडे जरा रुंद. "टोकाशी हात जड पडतोय अजून," ते म्हणाले. मग धार दिव्याखाली धरली, बराच वेळ फिरवून पाहिली, आणि काही न बोलता मिटून माझ्या हातात दिली.